बिरुदं संपेपर्यंत कोणी बसू नये

भट्टीवाल्यांनी पावाचं वजन मारू नये, एवढंच काय ते सांगायचं होतं. पण सांगणार होते महाराज, आणि महाराज म्हटलं की आधी बिरुदं आली. दवंडीवाला चौकात उभा राहिला, कागद उलगडला आणि सुरू झाला. 'शत्रूंच्या छातीतली धडकी, सात गडांचे धनी, वाऱ्याला वाट दाखवणारे, सूर्याचे शेजारी...' आता बिरुदं चालू असताना कोणी बसायचं नाही, बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही, असा त्या राज्याचा कडक नियम. भट्टीवाले बिचारे हात बांधून उभे. शेवटी बिरुदं संपली, वजनाची गोष्ट एका ओळीत उरकली, आणि सगळे जीव घेऊन आपापल्या भट्टीकडे धावले. आतल्या पावाचा कोळसा झाला होता. त्या दिवशी वजनात कोणी मारलं की नाही ते देव जाणे, कारण तोलायला काही उरलंच नव्हतं.

आणि ज्यांनी ही बिरुदं रचली ते पाल्हाळकाका त्याच चौकात उभे होते. पाव जळाल्याचा वास त्यांच्या नाकापर्यंत पोचलाच नाही. ते शेजारच्या चांभाराला कोपराने ढोसून विचारत होते, "सूर्याचे शेजारी कसं वाटलं हो? नवीन आहे. काल अंघोळ करताना सुचलं."

"वाटायचं काय त्यात?" चांभार म्हणाला. "शेजारी म्हणजे उसनं मागायला येणारच."

काका यावर रागावले नाहीत. काकांना राग फक्त एकाच गोष्टीचा यायचा, आणि ती म्हणजे थोडक्यात बोलणारी माणसं.

त्यांचं खरं नाव काय होतं हे गावाने कधीच सोडून दिलं होतं. राजाच्या कचेरीत, नदीकडच्या खिडकीशी, त्यांचं बसकं मेज होतं. हुकमाचा मजकूर बाकीचे कारकून लिहीत. काका फक्त वरचा भाग लिहीत, म्हणजे महाराजांची बिरुदं. त्यासाठी वेगळा कागद, वेगळी रुंद टाकाची लेखणी, डिंक घालून घोटलेली काळीभोर शाई, आणि सणसणीत मोठ्या हुकमासाठी चिमूटभर सोनेरी शाईसुद्धा. काका दुपारपर्यंत मथळा लिहायचे आणि मग कागद खाली सरकवायचे. खालचा कारकून कागदाकडे बघून कपाळाला हात लावायचा, कारण मजकुराला जागा उरायची ती करंगळीएवढी. विहिरीच्या रहाटाची दुरुस्ती, जकातीची सूट, चोरीची शिक्षा, सगळं त्या करंगळीत बसवावं लागे. एकदा तर 'रहाट' एवढाच शब्द मावला. गावकऱ्यांनी महिनाभर डोकं खाजवलं, रहाट बसवायचा की काढायचा.

"नाकापेक्षा मोती जड," काकू म्हणायच्या. काकू म्हणजे काकांची बायको, आणि त्या घरातली खरी सत्ता. कागदावर नसली तरी.

"अगं, तुला कळत नाही," काका भाजी निवडता निवडता समजवायला लागत. काकू त्यांना भाजी निवडायला बसवत, कारण तेवढाच वेळ त्यांच्या हातून लेखणी सुटलेली असायची. "हुकूम काय, कोणीही देतो. तूसुद्धा देतेस. पण तो ऐकावा का लागतो? वर बिरुदं असतात म्हणून! ती वाचता वाचताच समोरच्याचे पाय गळाले पाहिजेत. आणि तीही ज्याची त्याची ऐपत बघून वाढायची असतात. आपल्या पहारेकऱ्याला दोन ओळी पुरे. जहागीरदाराला पाच. परराज्याच्या राजाला मात्र अख्खी पंगत. एक बिरुद कमी वाढलं, तर तो म्हणेल, आम्हाला हलकं समजता? एक जास्त वाढलं, तर म्हणेल, आम्हाला घाबरवता?"

"मग काय वाढता?"

"एक जास्त," काका म्हणायचे आणि खुदुखुदु हसायचे.

आता खरी गोष्ट सांगायची तर सात गडांच्या धन्याकडे सात गड राहिले नव्हते. चार पलीकडच्या महाराजांनी घेतले होते, एक सावकाराकडे होता, आणि एकाची भिंत खचून तिथे बकऱ्या राहत होत्या. पण काकांचं तत्त्व असं की राज्यातून गेलेला गड बिरुदातून जात नाही. "लिहिलेलं बिरुद काढायचं नसतं, महाराज," त्यांनी महाराजांना तरुणपणीच शिकवून ठेवलं होतं. "आज एक काढलं, तर उद्या लोक विचारतील, दुसरं का ठेवलंत?" महाराजांना ते मनापासून पटलं. त्यामुळे राज्य आटत गेलं आणि बिरुदं फुगत गेली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! पण कथलाच्या वाळ्याकडे बघणार कोण? सगळे उभं राहून सोनुबाईचं नावच ऐकत होते.

घरीही तेच. काका-काकूंना एकच लेक. ती लहान असताना झोपायला तयार नसायची, तेव्हा काकांनी तिलाही बिरुदं दिली. 'वाटाण्यांच्या वैरीण, मांजरांच्या सेनापती, गुडघा फुटला तरी न रडणाऱ्या, आईच्या नकळत साखर खाणाऱ्या, उंबरठ्याच्या राणीसाहेब...' आणि पोरगी तरी काय, बापाचीच लेक! अंथरुणावर पडून हुकूम सोडायची, "बसायचं नाही! सगळ्यांनी उभं राहायचं!" काकूंना हातातलं काम टाकून उभं राहावं लागे. काका वाचत, म्हणजे तोंडपाठ म्हणत, आणि रोज रात्री त्यात एक नवीन घालत. पोरगी शेवटच्या बिरुदाच्या आधीच झोपी जायची. काका तरी शेवटपर्यंत म्हणायचेच. अर्ध्यावर सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

पुढे हीच लेक नदीपलीकडे दिली. त्याचीही गंमतच आहे. पलीकडच्या राज्यातही एक असाच महाभाग होता, पलीकडच्या महाराजांची बिरुदं लिहिणारा. वर्षानुवर्षं दोन राजांची पत्रं इकडून तिकडे जात, आणि राजांपेक्षा हे दोघेच ती जास्त बारकाईने वाचत. 'ढगांचे सावकार' वाचून काका दोन दिवस जेवले नव्हते. का, तर ते आपल्याला का सुचलं नाही! म्हणून मग त्यांनी 'विजेचे सासरे' लिहून पाठवलं. असं करता करता जीव जडला म्हणा, खोड जडली म्हणा, त्याला एक मुलगा, यांना एक मुलगी, आणि ते व्याही झाले. लग्नात दोघांनी एकमेकांच्या स्वागताची बिरुदं इतकी लांबवली की नवरा-नवरी दारातच ताटकळत राहिली. शेवटी काकूंनी आणि विहीणबाईंनी दोघांना दोन बाजूंनी ओढून नेलं.

नदी काही फार रुंद नव्हती. या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचं कुत्रं भुंकायचं. रोज होडी जायची, यायची. काकू सकाळी जाऊन संध्याकाळी परत येत, येताना लेकीच्या घरचं लोणी घेऊन येत. सगळं छान चाललं होतं. आणि मग काकांना एक बिरुद सुचलं.

झालं असं की महाराजांची बिरुदं म्हणताना शेवटच्या ओळीत एक ठेका कमी पडत होता. काका दिवसभर मेजावर बोटांनी ताल धरून बसले. खिडकीतून नदी दिसत होती. समोरचा काठही दिसत होता. आणि एकदम सुचलं: 'दोन्ही तीरांचे स्वामी'. वा! ठेका बरोबर बसला. काकांनी मनातल्या मनात तीनदा म्हणून बघितलं आणि सोनेरी शाई काढली. त्याचा अर्थ पलीकडचं अर्धं राज्य आमचं असा होतो, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. त्यांना फक्त ठेका बसवायचा होता, दुसरं काही नाही.

पत्र पलीकडे गेलं. तिकडचे महाराज लालबुंद झाले. त्यांनी आपल्या लेखकाला, म्हणजे काकांच्या व्याह्याला, हुकूम दिला की हेच बिरुद आपल्याला लाव. आता दोन्ही तीरांना दोन स्वामी! इकडच्यांनी सांगितलं, होडी आमच्या परवानगीशिवाय सुटणार नाही. तिकडच्यांनी सांगितलं, आमच्या परवानगीशिवाय काठाला लागणार नाही. नावाड्याने वल्ही खांद्यावर टाकली, घरी गेला आणि झोपला. नदी आपली वाहत राहिली.

आणि पलीकडे लेकीचे दिवस भरत आले होते.

"ठेका बसला ना?" काकू म्हणाल्या. "झालं. आता पहिलं बाळंतपण, आणि आई या काठावर वाळू मोजत बसणार. जा, सोनेरी शाईने लिहा तेसुद्धा!"

काकांनी पायात वहाणा सरकवल्या. ते कचेरीत गेले, महाराजांपुढे गुडघे टेकले आणि म्हणाले, "महाराज, ते शेवटचं बिरुद काढू या का? माझंच चुकलं."

महाराज म्हातारे झाले होते, त्यांचेही गुडघे गेले होते, पण स्मरणशक्ती मात्र ठणठणीत होती. "लिहिलेलं बिरुद काढायचं नसतं," ते म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत ना?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ! काका तसेच उठले आणि नदीवर जाऊन पलीकडे बघत उभे राहिले. लेकीच्या घराचं धुराडं झाडांच्या मागे कुठेतरी होतं. धूर दिसला की त्यांना वाटे, चला, घर चालू आहे. नाही दिसला की तो दिसेपर्यंत ते जागचे हलत नसत.

शेवटी व्यापारी ओरडायला लागले. इकडे मीठ संपलं, तिकडे लोकर सडायला लागली. दोन्हीकडच्या प्रधानांनी निरोपानिरोपी करून ठरवलं, की दोन्ही महाराजांनी नदीच्या मधोमध भेटावं, दोन मोठ्या नावा एकमेकींना बांधाव्यात, आणि काय तो समेट करून टाकावा. आधी इकडच्या महाराजांची बिरुदं वाचली जातील, मग तिकडच्यांची, मग कागदावर सह्या. प्रधानजींनी काकांना बाजूला घेतलं.

"बिरुदं तुम्हीच वाचायची. आणि सगळी वाचायची, महाराजांचा तसा हुकूम आहे. पण एक सांगून ठेवतो, पलीकडच्यांनी निरोप धाडलाय, ते 'दोन्ही तीरांचे' बिरुद कानावर पडलं की ते दोर कापून परत जाणार."

"मग मी काय करू?"

"ते मला काय विचारता? मी प्रधान आहे, जादूगार नाही."

भेटीच्या दिवशी सकाळी काकूंनी गाठोडं बांधलं. त्यात मऊ जुनी लुगडी, बदामाचं तेल, एक छोटी दुलई. "मी घाटावर बसते," त्या म्हणाल्या. "समेट झाला की पहिल्या होडीत मी. आणि नाही झाला, तर तुम्ही घरी येऊ नका. त्या सूर्याच्या शेजारी एखादी खोली बघा."

नदीच्या मधोमध ऊन मी म्हणत होतं. दोन नावा पोटाला पोट लावून डुलत होत्या. इकडच्या नावेत महाराज, प्रधान, भालदार, काका. तिकडच्या नावेत तेवढेच, आणि त्यांच्या महाराजांच्या मागे कागदाची गुंडाळी काखोटीला मारून काकांचे व्याही. दोन्ही महाराज एकमेकांना हुबेहूब आरशातल्यासारखे दिसत होते. तेच पोट, तीच पांढरी दाढी, तेच दुखरे गुडघे. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय! बिरुदं चालू असताना सगळ्यांनी उभं राहायचं हा नियम दोन्हीकडे सारखाच होता, आणि त्यातून राजालाही सुटका नव्हती, कारण बिरुदं सिंहासनाची असतात आणि सिंहासन माणसापेक्षा मोठं. आणि दुसरा नियम असा, की वाचताना काही चुकलं, तर पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. सगळ्यांनी पुन्हा उभं राहायचं.

काकांनी घसा साफ केला. व्याह्यांकडे बघितलं. व्याह्यांचे डोळे भोकराएवढे झाले होते.

"शत्रूंच्या छातीतली धडकी," काकांनी सुरुवात केली.

व्याह्यांनी भुवया उडवल्या. मग डावा हात उजव्या हाताखाली धरून दोन्ही हात इकडून तिकडे हलवायला लागले.

'झालं! हा चेष्टा करतोय,' काकांच्या मनात आलं. 'आमच्या धडकीला झोके देतोय मेला!' त्यांनी आवाज चढवला. "सात गडांचे धनी! वाऱ्याला वाट दाखवणारे!"

व्याह्यांना बोलता येत नव्हतं. बिरुदं चालू असताना जो बोलेल त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा, आणि महाराज चिडलेले असले तर नोकरीबरोबर आणखीही काही. म्हणून ते बिचारे हातवारे करत होते. आधी झोका. मग स्वतःच्या पोटाकडे बोट, पोट मोठं, मग एकदम सपाट. मग पुन्हा झोका. शेजारच्या भालदाराला वाटलं, यांना नाव लागली.

"सूर्याचे शेजारी, विजेचे सासरे," काका वाचत होते, पण आता त्यांचा एक डोळा कागदावर आणि एक व्याह्यांवर. पोट मोठं... पोट सपाट... झोका... अरे! अरे, हा काय सांगतोय? आई गं! व्याह्यांनी आता डोळे मिटून, ओठ गोल करून, न आवाज काढता टाहो फोडल्याचं तोंड केलं, आणि मग खांद्यावरून खाली दोन्ही हातांनी लांबच लांब वेणी घातली.

मुलगी! मुलगी झाली! पण लेक? लेक कशी आहे? काका वाचतायत, जीभ आपोआप चाललीय, वर्षानुवर्षांची सवय ती, आणि डोळे व्याह्यांना विचारतायत, माझी लेक? व्याह्यांनी ते ओळखलं. त्यांनी छातीवर हात ठेवला, मान डोलावली, आणि घास तोंडात घालून चावल्याचं केलं, आणखी एक घास, आणखी एक. जेवतेय! पोरगी जेवतेय!

काकांचे पाय जमिनीवर, म्हणजे फळीवर, राहिले नाहीत. ऊर इतका भरून आला की आता फुटतो की काय. आणि नेमकं तेव्हाच कागदावर शेवटची ओळ आली. दोन्ही प्रधानांनी श्वास रोखला. पलीकडच्या महाराजांच्या सुरीवाल्याने दोराला हात घातला. काकांनी तोंड उघडलं.

"दोन्ही तीरांचे," काका गर्जले, "दोन्ही तीरांचे आजोबा!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! नदीचं पाणीसुद्धा थांबलं असेल. एक मासा उडाला, त्याचाच काय तो आवाज झाला.

इकडचे महाराज सावकाश वळले. "काय वाचलंत?"

"आजोबा," काका म्हणाले, आणि मग त्यांचा बांध फुटला. हसतायत की रडतायत ते त्यांचं त्यांनाही कळेना. "मुलगी झाली, महाराज! माझ्या लेकीला मुलगी झाली! पलीकडे! लेक जेवतेय म्हणे! माझी मान उडवा, काय करायचं ते करा, पण आधी मला एकदा पलीकडे जाऊ द्या हो!"

"ही चूक आहे," इकडचे प्रधान कापऱ्या आवाजात म्हणाले. "नियमाप्रमाणे पहिल्यापासून वाचावं लागेल."

"पहिल्यापासून?" महाराज म्हणाले. त्यांनी उन्हाकडे बघितलं. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. मग पलीकडच्या महाराजांकडे, आणि तेही नेमके आपल्याच गुडघ्यांकडे बघत होते.

"धडकीपासून?"

"धडकीपासून, महाराज."

मग पलीकडच्या नावेतून एक विचित्र आवाज आला. पलीकडचे महाराज हसत होते. आधी दाढी हलली, मग पोट, मग नाव हलायला लागली, आणि दोन्ही नावा बांधलेल्या असल्यामुळे सगळेच हलायला लागले. "चूक कसली त्यात?" ते म्हणाले. "वाचलं ते वाचलं. आजोबा तर आजोबा. आजोबांना आमची ना नाही. आजोबा काय, कुठल्याही काठावर असू शकतात."

इकडच्या महाराजांनी विचार केला. मान तर गेला नव्हता. बिरुदही निघालं नव्हतं, उलट एक वाढलं होतं. आणि मुख्य म्हणजे गुडघे. "पुढे वाचा," ते म्हणाले.

"पुढे काही नाही, महाराज. तेच शेवटचं."

"मग बसा सगळे!" असं म्हणून महाराज इतक्या आनंदाने बसले की तख्त करकरलं.

आता पाळी व्याह्यांची. त्यांनी गुंडाळी सोडली आणि भराभर वाचायला लागले. ढगांचे सावकार, डोंगरांना झोपवणारे, समुद्राला पाणी पाजणारे. सगळे पुन्हा उभे. काका व्याह्यांकडे टक लावून बघत होते. व्याही शेवटच्या ओळीवर आले आणि थांबले. कागदावर लिहिलेलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. व्याह्यांनी काकांकडे बघितलं, एक डोळा मारला, आणि ठणठणीत आवाजात वाचलं, "दोन्ही तीरांचे आजोबा!"

इकडचे महाराज चमकले. "ते तर आमचं आहे!"

"एका पोराला दोन आजोबा असायचेच की," पलीकडचे महाराज म्हणाले. "एक आईकडचा, एक वडिलांकडचा. त्यावरून कधी कोणी लढाई केलीय?"

दोन्ही तीरांचे दोन स्वामी कोणत्याच कागदावर मावले नव्हते. दोन आजोबा मात्र एका ओळीत मावले. सह्या झाल्या. काकांना त्या झालेल्या दिसल्याही नाहीत, कारण ते एव्हाना एका नावेतून दुसऱ्या नावेत उडी मारून व्याह्यांच्या गळ्यात पडले होते. दोघांनी मिळून नाव उलटवायचीच बाकी ठेवली होती.

काकांची नाव आपल्या काठाकडे परतली. काठावर काकू गाठोड्यावर बसल्या होत्या. दूरवरून काका दोन्ही हात हलवून ओरडले, "मुलगी! मुलगी! जेवतेय!"

"कोण जेवतेय?" काकू ओरडल्या. "नीट सांगा की! थोडक्यात!"

"आजी झालीस!" काका ओरडले. त्यांच्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात थोडक्यातलं वाक्य ते.

काकू उठल्या आणि नावाड्याला म्हणाल्या, "चल, वल्हव." गाठोडं छातीशी धरून त्या होडीत बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. नावेतून उतरून काका त्यांच्या शेजारी येऊन बसले. दोघांनी पार पलीकडे पोचेपर्यंत एक शब्द काढला नाही, आणि हे त्या घराण्यात प्रथमच घडत होतं.

लेकीच्या खोलीत खिडकी अर्धी लोटलेली होती. लेक उशीला टेकून बसली होती, दमलेली, केस विस्कटलेले, पण हसत होती. काकूंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. विहीणबाईंनी दुलईत गुंडाळलेलं ते एवढंसं गाठोडं काकांच्या हातात दिलं. नातवंडं म्हणजे दुधावरची साय म्हणतात, ती ही साय, तांबडीबुंद, सुरकुतलेली, मुठी आवळलेली, जगातल्या कुठल्याच राजाला भीक न घालणारी.

काकांनी घसा साफ केला. सगळे समजून गेले, आता सुरू होणार. व्याह्यांनी तर कानच टवकारले. पण काका गप्प. अंघोळीत, जेवताना, झोपेत बिरुदं सुचणारा हा माणूस, आणि आज समोर सगळ्यात मोठी असामी असताना त्यांना एकही सुचेना.

"बाबा," लेक हळूच म्हणाली. "आधी माझी म्हणा ना."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग बाळाला खांद्याशी धरून हळू आवाजात सुरुवात केली. "वाटाण्यांच्या वैरीण... मांजरांच्या सेनापती..."

"बसायचं नाही," लेक डोळे मिटता मिटता म्हणाली. "सगळ्यांनी उभं राहायचं."

आणि काय सांगू, सगळे उभे राहिले. काकू हातातली तेलाची वाटी तशीच धरून. विहीणबाई. जावई दारात. आणि व्याही, ज्यांचे गुडघे दुपारभर नावेत उभे राहून बोंबलत होते, तेही भिंतीचा आधार न घेता ताठ उभे.

"गुडघा फुटला तरी न रडणाऱ्या... आईच्या नकळत साखर खाणाऱ्या... उंबरठ्याच्या राणीसाहेब..."

लेक झोपली. लहानपणी झोपायची तशीच, अर्ध्यावर. काका थांबले, तर खांद्यावरचं बाळ कुरकुरलं. पुन्हा सुरू केलं, तर गप्प. पुन्हा थांबले, पुन्हा कुरकुर.

"बसा की हो आता," व्याही कुजबुजले. "लेक झोपली."

"हिची अजून चालू आहेत," काका म्हणाले, आणि बाळाच्या कानाशी तोंड नेऊन पुढचं बिरुद म्हणाले. नवीन होतं. तिथल्या तिथे सुचलेलं. ते संपल्यावर आणखी एक सुचलं, मग आणखी एक. बाहेर ऊन उतरलं, खोलीत सगळे तसेच उभे राहिले, आणि काकांना ती बिरुदं संपवायची मुळीच घाई नव्हती.